मुलगा रिट्रीटला जायला तयार नाही, घरातही दोन मतं. पाठवावं का? (सोलापूर)

बावखलकाठ

नमस्कार मंडळी. एरवी नुसती वाचत असते. आज पहिल्यांदाच धागा काढतेय, तोही घरातला वाद घेऊन.

मी मूळची वसईची, कॅथलिक. लग्न होऊन सोलापूरला आले. सासरचेही ख्रिस्तीच, पण प्रोटेस्टंट, अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतले. मुलाचा बाप्तिस्मा आमच्या चर्चमध्ये झाला, पहिलं कम्युनियनही झालं, दृढीकरण (मोठेपणी श्रद्धा पक्की करण्याचा विधी) तेवढं राहिलंय. एक रविवार माझ्याबरोबर मिस्साला, पुढचा रविवार आजीबरोबर तिच्या चर्चला, अशी त्याची वाटणी लहानपणापासून. आता स्वारी अकरावी सायन्सला, नीटचा क्लास लावलाय, आणि दोन्ही चर्च बंद. खोलीचं दार लावून मोबाईल घेऊन बसतो. जेवायला चार हाका माराव्या लागतात.

आमच्या फादरांनी सांगितलं की पुण्याजवळ युवकांची रिट्रीट (प्रार्थनाशिबिर) आहे, अकरावी-बारावीच्या मुलामुलींसाठी. शुक्रवारी संध्याकाळी सुरू, रविवारी दुपारी मिस्सा करून मोकळे. मोबाईल पोचल्या पोचल्या जमा. आणि आईवडिलांनी, मुलाला कळू न देता, एकेक पत्र लिहून बंद पाकिटात द्यायचं. ते शनिवारी रात्री मुलांच्या हातात देतात.

मुलगा म्हणतो, "अनोळखी फादरसमोर बसून मी काहीएक सांगणार नाही." हे म्हणतात, रविवारची टेस्ट बुडेल. सासूबाई म्हणतात, "माळा ओढायला पुण्यापर्यंत कशाला?" माझी आपली आशा, की तीन दिवस मोबाईलपासून लांब राहिला तर जरा वळणावर येईल.

जबरदस्तीनं पाठवावं का? कुमसार (फादरसमोर पापांची कबुली) करायलाच लागतं का? आणि पत्रात लिहायचं तरी काय?

शेंगाचटणी

ताई, आधी पोराला नीट विचारा की. तुम्ही नवऱ्याचं सांगितलं, सासूबाईंचं सांगितलं, फादरांचं सांगितलं. पोराचं एकच वाक्य, तेही नकाराचं.

बाकी चार हाकांचं मनावर घेऊ नका. आमच्याकडं सहा लागतात.

गिटारवाला

मी पुणे धर्मप्रांतात बरीच वर्षं युवकांचं काम करतो (सोलापूर याच धर्मप्रांतात येतं), त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे "वळणावर येईल" ही अपेक्षा काढून टाका. रिट्रीट म्हणजे गॅरेज नव्हे, की शुक्रवारी गाडी टाकली आणि रविवारी सर्व्हिसिंग होऊन मिळाली. आम्हाला अशी मुलं पहिल्या तासात ओळखू येतात. पाठीमागच्या खुर्चीत, हाताची घडी, बॅग मांडीवर. त्यांना आणलेलं नसतं, धाडलेलं असतं.

दुसरं, रिट्रीट कुठल्या पद्धतीची आहे ते फादरांना विचारा, कारण यात जमीनअस्मानाचा फरक असतो. एक परंपरा संत इग्नेशियसची. हा स्पेनमधला शिपाईगडी, १५२१ साली पांप्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्यानं पाय मोडून अंथरुणाला खिळला आणि तिथून त्याचं आयुष्य फिरलं. त्यानं बसवलेली साधना मुळात तीस दिवसांची, बहुतेक मौनातली. १९२२ मध्ये पोपनी त्याला रिट्रीटचा आश्रयदाता संत म्हणून जाहीर केलं. मुलांसाठी तीस दिवसांचे दोन-अडीच होतात, पण ढंग तोच: बायबलमधला एखादा प्रसंग वाचायचा, एकट्यानं बसायचं, वहीत लिहायचं. दुसरी तऱ्हा करिझमॅटिक. ही लाट १९६७ मध्ये अमेरिकेतल्या कॅथलिक विद्यार्थ्यांमध्ये सुरू झाली. केरळातलं मुरिंगूरचं डिव्हाइन सेंटर याच वळणाचं. तिथे मोठ्यानं स्तुतिगीतं, हात वर करून प्रार्थना, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना, रडारडही होते. काही मुलांना हे भावतं. अबोल मुलगा मात्र त्यात पार गोठून जातो. तिसरी तऱ्हा सगळ्यात जास्त चालते: खेळ, गिटार, लहान गट, एखादं भाषण, रात्री आराधना. तुमच्या वर्णनावरून हीच वाटतेय.

कुमसाराबद्दल. करायलाच लागतं असं नाही. तीन-चार फादर बसलेले असतात, ज्याला जायचं तो जातो. कुणाकडे जायचं हेही त्याच्या मर्जीवर, तसा चर्चच्या कायद्यातच हक्क आहे. आमच्याकडे फादर मैदानाच्या कडेला लांब लांब खुर्च्या टाकून बसतात. सगळ्यांना दिसतात, ऐकू कुणाला येत नाही. नुसता आशीर्वाद मागून परत आलं तरी चालतं. आणि तिथे बोललेलं फादर कुणालाही सांगू शकत नाहीत, तुम्हालाही नाही. ते फोडणाऱ्या फादरला थेट बहिष्काराची शिक्षा आहे. मुलाला हे स्पष्ट सांगा. निम्म्या मुलांची भीती "आईला कळेल" हीच असते.

टाळकरी

सासूबाईंच्या बाजूनं कुणी बोलणार की नाही? मग मीच बोलतो. मीही मिशन चर्चमधला, सोलापुरातच वाढलेला.

त्यांच्या "माळा ओढायला" या बोलण्यामागं नुसता खवचटपणा नाही. आमच्याकडं लहानपणापासून शिकवतात की प्रार्थना थेट देवाकडं, मध्ये कुणी नको. त्यामुळं मरियेची जपमाळ म्हटलं की आमच्या म्हाताऱ्यांच्या कपाळावर आठी येतेच. शनिवार रात्रीची आराधना तर अजून अवघड जाते. आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजन घेतात, पण ती भाकर वेदीवर मांडून तिच्यासमोर गुडघे टेकून तासभर बसत नाहीत. तुमच्या पोरानं दोन्हीकडचं पाहिलंय हे ठीक, पण दिवे मंद, धूप जळतोय, शंभर पोरं गुडघ्यावर, हे त्यानं आजीबरोबरच्या रविवारी पाहिलेलं नाही. एकदम तिथं नेऊन बसवू नका. काय असतं, कॅथलिक लोक त्यात काय मानतात, हे घरी बसून सांगा. पटो न पटो, गांगरणार तरी नाही.

आणि सासूबाईंना विचारून बघा, त्यांना नक्की कशाची धास्ती आहे. माझा अंदाज, नातू आपल्या चर्चमधून कायमचा जाईल याची. माळ हे निमित्त.

शेंगाचटणी

टाळकरी, +१. शेवटचं वाक्य एक नंबर.

बावखलकाठ

टाळकरी दादा, खरंय. लग्नाच्या वेळी मी चर्चला वचन दिलं होतं की मुलांना कॅथलिक वाढवण्याचा माझ्या परीनं पूर्ण प्रयत्न करीन. मिश्र लग्नात कॅथलिक बाजूला ते द्यावंच लागतं. ते तेव्हा सासूबाईंना कळवलं होतं, त्या काही बोलल्या नव्हत्या. आता सतरा वर्षांनी बोलतायत.

गिटारवाला, फादरांना विचारलं. तुम्ही म्हणता तीच तिसरी तऱ्हा. मौन फक्त शनिवारी सकाळी थोडा वेळ.

विजापूररोडवरून

धाग्यात मध्येच घुसतेय, माफ करा. आम्ही हिंदू. माझी मुलगी कॉन्व्हेंटमध्ये शिकली, तिची जिवलग मैत्रीण कॅथलिक आहे आणि ती हिला अशाच एका रिट्रीटला चल म्हणतेय. मुलीला फक्त मैत्रिणीबरोबर तीन दिवस राहायचंय. यांच्या घरचे म्हणतात, तिकडे गेली की धर्म बदलून पाठवतील. मला तसं वाटत नाही, पण खात्रीनं काय उत्तर देऊ?

गिटारवाला

सरळ विचारलंत ते बरं झालं. सात वर्षांवरच्या कुणाचाही बाप्तिस्मा आमच्याकडे आधी शिकवण घेतल्याशिवाय होत नाही. त्या तयारीचे टप्पे आहेत, ती महिनोन्‌महिने चालते आणि साधारणपणे ईस्टरच्या आदल्या रात्री बाप्तिस्मा होतो. तीन दिवसांच्या शिबिरात हे बसतच नाही. अठरा वर्षांखालची मुलगी आमच्या कायद्यानंही अल्पवयीन, तेव्हा आईवडिलांना डावलून काही करणारा फादर शहाणा म्हणता येणार नाही.

मिस्सात ती बसू शकते, गाऊ शकते. कम्युनियन मात्र घेता येणार नाही. त्या वेळी जागेवर बसून राहायचं, कुणी काही म्हणत नाही. हे मैत्रिणीनं तिला आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर रांगेत जाऊन उभी राहते आणि मग सगळ्यांनाच अवघडल्यासारखं होतं.

पण माझं मत विचाराल तर, नुसतं मैत्रिणीबरोबर राहायचं असेल तर दोघींना दोन दिवस मावशीकडे पाठवा. रिट्रीटला दिवसभर प्रार्थनाच असते. ती ऐकायची तयारी नसेल तर मुलगी कंटाळेल.

विजापूररोडवरून

मावशी पंढरपूरला असते. तिथे तरी दिवसभर दुसरं काय असतं! :) असो. धन्यवाद, नीट कळलं.

कुलूपकिल्ली

सगळे अध्यात्मावर बोलताय. मी जरा रूक्ष बोलते.

फॉर्मवर सही करण्याआधी फादरांना फोन लावा आणि विचारा: रात्री मुलांच्या मजल्यावर कोण असतं, मुलींच्या मजल्यावर कोण, आणि मोठी माणसं मुलांच्या खोलीत झोपत तर नाहीत ना? बाथरूमला कडी आहे का (हसू नका)? दम्याचा पंप, फिटची गोळी कुणाकडे राहणार? सोलापूरहून मुलांबरोबर कोण जाणार, आणि परतीला गाडीत बसवून देणारं कोण? मोबाईल जमा करताय, ठीक आहे, मग मुलाला घरी बोलावंसं वाटलं तर फोन कुठून करायचा? केंद्राचा नंबर तुमच्याकडे पाहिजे, फक्त मुलाच्या बॅगेतल्या कागदावर नको. माझ्या मुलीच्या एका शिबिराहून (चर्चचं नव्हतं) बस रात्री अडीचला आली. दहापासून आम्ही सगळे पालक रस्त्यावर, आणि संयोजकांचा फोन बंद.

दुसरं, मुलाशी एकदा सरळ बोलून ठेवा. कुणीही, फादर असो, सिस्टर असो, ताई-दादा असो, "हे घरी सांगू नको" म्हणाला की तेच पहिलं घरी सांगायचं. २०१२ चा पॉक्सो कायदा (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा) सगळ्यांना लागू आहे, आणि मुलावर अत्याचार झाल्याचं कळूनही जो पोलिसांना कळवत नाही तोही गुन्हेगार ठरतो. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर मुलांना पाठ पाहिजे. पोप फ्रान्सिस यांनीही २०१९ मध्ये नियम काढला, की प्रत्येक धर्मप्रांतात तक्रार घेण्याची व्यवस्था हवीच. म्हणजे हे विचारणं म्हणजे फादरांवर संशय घेणं, असं अजिबात नाही. नीट चालवणारे लोक उलट खूश होतात. जो चिडेल त्याच्याकडे पाठवू नका.

गिटारवाला

शंभर टक्के. आणि एक भर घालतो: मुलाचं मनाच्या आजारासाठी औषध चालू असेल तर ते बंद करायचं नाही, कुणी कितीही प्रार्थना करून "बरा झालास" म्हणो.

मागच्याखुर्चीतला

गिटारवाला यांनी वर्णन केलेला तो बॅग मांडीवर घेतलेला मुलगा म्हणजे मी. दहावीत असताना मला न विचारता धाडलं होतं. आता नोकरी करतो, पुण्यात असतो, घर सोलापूरला.

पहिला दिवस मी कुणाशी बोललो नाही. संध्याकाळी गटात बसवून एका दादानं विचारलं, "तुझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी जखम कोणती?" आता पंधरा वर्षांच्या मुलाला आठ अनोळखी मुलांसमोर हा काय प्रश्न झाला? माझ्याआधीच्या मुलानं त्याचा कुत्रा मेल्याचं सांगितलं, तो रडला, दोन मुली रडल्या. रात्री खोलीत तोच मला म्हणाला, "आमच्याकडं कुत्रा कधी नव्हताच." त्यानंतर मात्र आमची दोस्ती जमली, आजही आहे. (संयोजकांनो, असे प्रश्न पहिल्या दिवशी विचारू नका. मुलं हुशार असतात, तुम्हाला हवं ते देतात.)

पत्रांचं सांगतो, कारण ताईंनी विचारलंय. शनिवारी रात्री आराधनेनंतर पाकिटं वाटली. आईचं पत्र चार पानी. त्यात देवाचे आभार, मग सहामाहीचे गणिताचे मार्क, मग मावशीच्या मुलाचे गणिताचे मार्क, मग पुन्हा देव. मी ते घडी करून ठेवलं. पप्पांचं चादरीच्या दुकान-बिलाच्या पाठीमागं लिहिलेलं. त्यांना पत्र-बित्र लिहायची सवय नाही. रात्री पंखा पाचवर ठेवू नकोस, सर्दी होते. येताना दौंडला उतरून वडापाव घ्यायला जाऊ नकोस, गाडी सुटते. आणि खाली: "तू दुकानात येऊन बसतोस तेव्हा मला बरं वाटतं. गिऱ्हाईक असो नसो." एवढंच. मी दुकानात कंटाळून बसायचो, तेही फक्त एसी आहे म्हणून. त्यांना त्याचं काही वाटत असेल हे माझ्या डोक्यातच कधी आलं नव्हतं.

सुधारणा वगैरे झाली नाही. गणितात मार्क तेवढेच पडले. चर्चला मी आजही ख्रिसमस आणि ईस्टरलाच जातो.

शेंगाचटणी

पंखा पाचवर! आमच्या बापाचा पण सेम डायलॉग.

बावखलकाठ

मागच्याखुर्चीतला, तुमचा प्रतिसाद यांना वाचून दाखवला. काही बोलले नाहीत, पण मघाशी स्वयंपाकघरात येऊन विचारलं, "पत्र मराठीत चालतं का?"

माझीच आता पंचाईत आहे. मुलगा इंग्रजी माध्यमातला. मराठी वाचतो, पण अडखळत. आणि मी लिहायला घेतलं की सगळं उपदेशाकडे जातं. तीन कागद फाडले.

टाळकरी

मराठीतच लिहा. अडखळत वाचेल तर सावकाश तरी वाचेल.

कुलूपकिल्ली

मार्क, मोबाईल आणि दुसऱ्याचा मुलगा, या तिघांना पत्रात बंदी घाला. "देव तुझ्याकडून अपेक्षा करतो" हेही नको, त्याला ते "आई अपेक्षा करते" असंच ऐकू येतं. त्यानं हल्ली केलेली एखादी गोष्ट तुम्हाला दिसली असेल, लहानशी, तीच लिहा. अर्धं पान पुरे.

गिटारवाला

अनुमोदन. आणि पाठवायचं नक्की झालं नसेल तर पत्राआधी मुलाशी बोला. त्याच्या अटी काय आहेत? सोळा वर्षांचा मुलगा "नाही" म्हणतो तेव्हा बऱ्याचदा "असं असेल तर नाही" म्हणत असतो.

बावखलकाठ

बोललो आम्ही. गच्चीत, वाळवण गोळा करताना. समोरासमोर बसवलं की तो बोलत नाही, हात कामात असले की बोलतो.

त्याच्या अटी: आपल्या चर्चमधला त्याचा मित्र येणार असेल तरच. टेस्ट सोमवारी संध्याकाळी देता येते का ते पप्पांनी क्लासला विचारायचं. आल्यावर "कुमसार केलंस का" हा प्रश्न कुणीही विचारायचा नाही, मी तर नाहीच, आजीनंही नाही. (आजी कशाला विचारेल म्हणा.) आणि आवडलं नाही तर पुन्हा कधी पाठवायचं नाही.

चारही मान्य केल्या. शेवटची मान्य करताना मला जड गेलं. क्लासवाले आधी कुरकुरले, मग तयार झाले. सोलापूरहून एकूण सात मुलं आहेत, दोन पालक बरोबर जातायत, त्यातले एक हे. कुलूपकिल्ली, तुमचे सगळे प्रश्न फादरांना विचारले, कडीचासुद्धा. त्यांनी केंद्राचा लँडलाइन आणि तिथल्या सिस्टरचा नंबर पाठवला, आणि म्हणाले की हे सगळे प्रश्न पालकांच्या पुढच्या सभेत वाचून दाखवतो.

मागच्याखुर्चीतला

दौंडच्या वडापावचं सांगून ठेवा.

बावखलकाठ

मंडळी, विचारताय म्हणून खबरबात.

रविवारच्या हुतात्मा एक्सप्रेसनं आले, स्टेशनवरून घरी यायला साडेदहा वाजून गेले. आल्या आल्या भाकरी आणि शेंगाची चटणी मागितली (आयडीवाल्यांनी कृपया फुगू नये). जेवताना आपणहून जे सांगितलं ते असं: पोहे गोड होते. खोलीत आठजण, एकजण घोरतो. एका फादरनी कार्लो अकुतिसबद्दल सांगितलं, तो मुलगा २००६ मध्ये पंधराव्या वर्षी ल्युकेमियानं गेला, संगणकात हुशार, वेबसाइट बनवायचा, आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये त्याला संत जाहीर केलं. आमच्या चिरंजिवांचं त्यावर म्हणणं: "प्लेस्टेशन खेळणारा संत आहे, आई. तू मला उगाच बोलतेस."

आराधना त्याला "लांबली" वाटली, पण शांत वाटलं म्हणाला. गटात बोलला नाही, कुणी जबरदस्ती केली नाही. पत्रांबद्दल काहीच बोलला नाही, मीही विचारलं नाही. यांच्या पत्रात काय होतं ते मलाही माहीत नाही, यांनी दाखवलं नाही.

सोमवारी टेस्ट दिली. दार अजून लावतो. हाका आता तीन.

पुढच्या वर्षी जाणार का, तर "बघू" म्हणालाय. दृढीकरणाच्या वर्गाचं मी मुद्दाम काढलं नाही. ते ज्याचं त्यानं ठरवू दे, वर्षभर तरी.

सासूबाईंचं वेगळंच. त्यांनी नातवाला एकच प्रश्न विचारला: "गाणी कुठली म्हटली?" सगळी इंग्रजी आणि दोन हिंदी. तीन दिवसांत एकही मराठी भजन नाही! तेव्हापासून त्या भडकल्यात. माळेचं राहिलं बाजूला, आता म्हणतात, सोलापूरची मुलं नेता आणि मराठी भजन नाही म्हणजे काय, तबला तरी होता का? गिटारवाला, उत्तर तुम्ही द्यायचंय.

गिटारवाला

आजींचा आक्षेप रास्त आहे. आमच्याकडे गिटारवाले डझनभर आहेत, तबल्याला कुणी नाही. पुढची रिट्रीट डिसेंबरच्या आधी आहे. कुणी तबलजी असेल तर सुचवा, प्रवासखर्च देतो.

टाळकरी

मी वाजवतो. पण मी प्रोटेस्टंट, चालेल का?

गिटारवाला

तबल्याला कोण विचारतंय? व्यनि (खासगी निरोप) करतो.